विम्बल्डन यंदा कोण मारणार? हिरवळीवरच्या वादाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच ओपन संपलं की टेनिसवेड्यांच्या घराघरांत, ऑफिसात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. नावं तीच, आवेशही तोच, आणि दर वर्षी घोडं पेंड खातं तेही त्याच चार-पाच मुद्द्यांवर. ते मुद्दे इथे घेतले आहेत. आकडे आणि निकाल २०२५ च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत. मतं आमची आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

जागतिक क्रमवारीत जो पहिला, तोच जिंकणार ना? मग वाद कसला?

क्रमवारी ठरते ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर. त्यात ग्रास कोर्टाचा मुख्य हंगाम विम्बल्डनचे दोन आठवडे धरूनही जेमतेम पाच आठवड्यांचा. म्हणजे एखादा खेळाडू जगात तिसरा असेल, तर त्याचे बहुतेक गुण हार्ड कोर्टावर आणि लाल मातीवर कमावलेले असतात. हिरवळीवर त्याचं काय होणार, हे त्या आकड्यातून कळत नाही.

अलेक्झांडर झ्वेरेव हे ठळक उदाहरण. २०२५ मध्ये त्याला तिसरं मानांकन (स्पर्धेआधी दिला जाणारा अग्रक्रम) होतं आणि पहिल्याच फेरीत आर्थर रिंडरनेशने त्याला पाच सेटमध्ये घरी पाठवलं. चौथ्या फेरीपलीकडे तो विम्बल्डनला कधी गेलेलाच नाही. महिलांत कोको गॉफ फ्रेंच ओपन जिंकून आली, दुसरं मानांकन घेऊन उतरली आणि दायाना यास्त्रेम्स्काकडून पहिल्या फेरीत हरली. त्या वर्षी पहिल्या फेरीत पुरुषांचे १३ आणि महिलांचे १० मानांकित खेळाडू गारद झाले.

मात्र याचा अर्थ क्रमवारी निरुपयोगी, असा काढू नका. पुरुषांत २०१९, २०२१, २०२२, २०२३ आणि २०२५ या पाचही वर्षी अग्रमानांकित खेळाडूच विजेता ठरला. शिखरावरचा खेळाडू कोणत्याही कोर्टावर शिखरावरच असतो. क्रमवारी फसवते ती तिसऱ्यापासून विसाव्यापर्यंतच्या पट्ट्यात, आणि आपले सगळे वाद नेमके तिथेच रंगतात.

ग्रास कोर्टावर असं वेगळं होतं तरी काय?

चेंडू टप्पा पडल्यावर उसळत नाही, घसरत पुढे येतो. लाल मातीवर जो फटका खांद्याच्या उंचीवर यायचा, तो इथे गुडघ्यापाशी भेटतो. ज्यांचा खेळ मोठ्या टॉपस्पिनवर (चेंडू पुढे फिरवून उसळवण्यावर) आणि लांब बॅकस्विंगवर उभा आहे, त्यांना रॅकेट मागे न्यायलाच वेळ मिळत नाही. स्लाइस बॅकहँड (चेंडू खालून कापत मारलेला फटका) हार्ड कोर्टावर वेळकाढू फटका वाटतो. इथे तो जमिनीला चिकटून सरपटतो आणि समोरच्या सहा फुटी माणसाला कमरेत वाकवतो. डावखुऱ्याची बाहेर जाणारी स्लाइस सर्व्हिस तर इथे आणखीच बाहेर पळते. मार्टिना नवरातिलोवापासून पेत्रा क्विटोव्हा, अँजेलिक केर्बर आणि मार्केता व्होंद्रुशोवापर्यंत महिला एकेरीत इतक्या डावखुऱ्या विजेत्या का दिसतात, त्याचं एक कारण हे.

आणि पाय. लाल मातीवर खेळाडू घसरत जाऊन चेंडू गाठतो, इथे तसं केलं तर थेट फिजिओ बोलवावा लागतो. बुटांच्या तळव्याला बारीक रबरी गोळ्या असतात, तरीही छोटी छोटी पावलं टाकावी लागतात. कोण हिरवळीला सरावला आहे हे ओळखायचं असेल, तर टीव्हीवर चेंडू सोडून दोन गेम फक्त खेळाडूची पावलं बघा. बिचकणारा लगेच कळतो: दिशा बदलताना तो एक पाऊल जास्त टाकतो आणि रुंद आलेल्या चेंडूकडे जाणं सोडून देतो.

पण आता तर म्हणतात की विम्बल्डनचं गवत संथ झालंय?

झालंय, पण लोक सांगतात तितकं नाही. २००१ पासून तिथे शंभर टक्के रायग्रास पेरतात. त्याआधी ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू असं मिश्रण असायचं. नवं गवत टणक, खालची माती घट्ट, त्यामुळे टप्पा थोडा वर येतो आणि तो भरवशाचाही असतो. गवताची उंची तीच, ८ मिलिमीटर. पण त्या बदलाच्या दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबंदियन या दोन बेसलाइनवरच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या) खेळाडूंमध्ये अंतिम सामना झाला, आणि सर्व्हिसमागून नेटवर धावण्याचा जमाना उतरणीला लागला.

‘पहिला आठवडा काढला तर हा जिंकेल’ असं सगळे म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?

आमच्या मते सगळ्या चर्चेतलं सर्वांत खरं वाक्य हेच. पहिल्या आठवड्याचं विम्बल्डन आणि दुसऱ्या आठवड्याचं विम्बल्डन या जवळपास दोन वेगळ्या स्पर्धा आहेत.

पहिल्या तीन-चार दिवसांत गवत हिरवंगार, ओलसर आणि निसरडं असतं. चेंडू खाली राहतो, रॅली लवकर संपते आणि जोरात सर्व्हिस करणारा शंभराव्या क्रमांकाचा खेळाडूही दोन तास कुणालाही घाम फोडू शकतो. २०२१ मध्ये एकाच दिवशी सेंटर कोर्टवर आधी आद्रियन मानारिनो आणि मग सेरेना विल्यम्स घसरून जायबंदी झाले. दोघांचेही सामने तिथेच संपले. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचं गवत झिजून तपकिरी माती दिसू लागते. पाचव्या दिवशीच्या कसोटी खेळपट्टीसारखा कोर्टाचा स्वभाव पालटतो, फक्त इथे फायदा होतो तो बेसलाइनवरून टिच्चून खेळणाऱ्याचा. पायाला पकड मिळते, टप्पा वर येतो, रॅली लांबते आणि मोठी नावं मोठी दिसायला लागतात.

राफाएल नदालचा इतिहास या नजरेने वाचा. पाच वेळा अंतिम फेरी, २००८ आणि २०१० ची विजेतेपदं. आणि त्याच माणसाला २०१२ मध्ये दुसऱ्या फेरीत लुकास रोसोल (क्रमवारीत १००वा), २०१३ मध्ये पहिल्या फेरीत स्टीव्ह डार्सिस (१३५वा), २०१४ मध्ये चौथ्या फेरीत निक किर्गिओस (१४४वा) आणि २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत डस्टिन ब्राऊन (१०२वा) यांनी बाहेर काढलं. रोसोलच्या सामन्यात चौथा सेट नदालने ६-२ असा घेतला होता, सामना त्याच्याकडे झुकला होता. तेवढ्यात उजेड गेला म्हणून छप्पर बंद करायला खेळ थांबला. परत आल्यावर रोसोलने डोळे मिटून मारावं तशी सर्व्हिस मारली आणि पाचवा सेट ६-४ घेऊन टाकला.

विजेतेही पहिल्या आठवड्यात अडखळतात. २०२५ मध्ये गतविजेत्या अल्काराझला पहिल्या फेरीत फॅबियो फोन्यिनीने पाच सेट पळवलं. २००३ मध्ये गतविजेता ह्युइट पहिल्या फेरीत २०३व्या क्रमांकाच्या इव्हो कार्लोविचकडून हरला. गतविजेती व्होंद्रुशोवा २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत गेली. म्हणून कुणी विचारलं की अमुक जिंकेल का, तर उलट विचारा: पहिल्या तीन फेऱ्यांत त्याच्या वाट्याला कोण आलंय?

मग मोठी सर्व्हिस असलेला खेळाडूच निवडावा का?

धक्का कोण देईल यावर वाद असेल तर हो. विजेता निवडायचा असेल तर नाही. जॉन इस्नरची मजल उपांत्य फेरीपर्यंत, कार्लोविचची उपांत्यपूर्व. अँडी रॉडिक तीन अंतिम सामने हरला. २००९ च्या अंतिम सामन्यात तर पाचव्या सेटच्या अगदी शेवटच्या गेमपर्यंत फेडररला त्याची सर्व्हिस एकदाही भेदता आली नव्हती. ती एकदाच भेदली गेली आणि १६-१४ असा सेट, सामना, सगळंच गेलं.

आंद्रे अगासी, ह्युइट, जोकोविच, अँडी मरे, अल्काराझ, सिनर. विजेत्यांच्या या यादीत समान धागा एकच, परतीचा फटका. ग्रास कोर्टावर सगळेच आपली सर्व्हिस राखतात, त्यामुळे सेटमध्ये एखादाच ब्रेक पॉइंट (समोरच्याची सर्व्हिस भेदण्याची संधी) मिळतो. तो घेणारा माणूस शोधा.

क्वीन्स किंवा हॅले जिंकून आलेल्यावर पैज लावावी का?

या विम्बल्डनआधीच्या ग्रास कोर्टावरच्या स्पर्धा. पण तेवढ्यावरून नको. २०२४ मध्ये अल्काराझ क्वीन्सला दुसऱ्याच सामन्यात जॅक ड्रेपरकडून हरला आणि नंतर विम्बल्डन जिंकला. २०२५ मध्ये तो क्वीन्स जिंकून आला आणि विम्बल्डनचा अंतिम सामना हरला. त्याच वर्षी सिनर हॅलेला दुसऱ्या फेरीत अलेक्झांडर बुब्लिककडून हरला होता. इगा श्वियातेक बाड होम्बुर्गच्या अंतिम सामन्यात जेसिका पेगुलाकडून हरली, आणि मग विम्बल्डन जिंकली. टेलर फ्रिट्झने २०२५ पर्यंत ईस्टबोर्न चार वेळा जिंकलंय, विम्बल्डनला मात्र उपांत्य फेरीच्या पुढे गेलेला नाही. जोकोविचने तर २०२२ मध्ये ग्रास कोर्टावरची एकही सराव स्पर्धा न खेळता करंडक उचलला.

या स्पर्धांतून बघायचं ते हे, की खेळाडूला चार-पाच सामने मिळाले का आणि तो हिरवळीवर मोकळा हलतोय का. करंडक दुय्यम.

फ्रेंच ओपन जिंकणारा दमलेला असतो, म्हणून त्याची शक्यता कमी धरायची का?

पूर्वी दोन स्पर्धांमध्ये दोनच आठवडे असायचे, २०१५ पासून तीन मिळतात. तरीही एकाच वर्षी दोन्ही जिंकणं सोपं नाही. पुरुषांत ब्यॉन बोर्गने १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षं हे केलं. त्यानंतर थेट नदाल (२००८, २०१०), फेडरर (२००९), जोकोविच (२०२१) आणि अल्काराझ (२०२४). महिलांत २०१५ च्या सेरेनानंतर कुणीच नाही.

उलटी गंमत श्वियातेकची. फ्रेंच ओपन जिंकायची त्या वर्षी ती विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीपुढे कधी जायची नाही. २०२५ मध्ये पॅरिसला उपांत्य फेरीतच हरली, हिरवळीवर सरावाला जास्त दिवस मिळाले, आणि अंतिम सामन्यात अमांडा अनिसिमोवाला ५७ मिनिटांत ६-०, ६-० असं धुतलं. फक्त पॅरिसची हार हेच कारण असं कुणी म्हणणार नाही, सर्व्हिसही सुधारली होती. पण तिला नेहमी ‘मातीवरची राणी’ म्हणून निकालात काढणाऱ्यांची त्या दिवशी बोलती बंद झाली.

इव्हान लेंडलने तर विम्बल्डनसाठी १९९० मध्ये फ्रेंच ओपन चक्क सोडून दिलं. क्वीन्स जिंकला, पण विम्बल्डनला उपांत्य फेरीत स्टेफान एडबर्गकडून हरला. हा करंडक त्याला कधीच मिळाला नाही.

महिला एकेरीत अंदाज बांधण्यात काही अर्थ आहे का?

एकच नाव घ्याल तर फारसा नाही. २०१७ ते २०२५ या आठ स्पर्धांत (२०२० मध्ये स्पर्धा झाली नाही) आठ वेगळ्या विजेत्या: मुगुरुझा, केर्बर, हालेप, बार्टी, रिबाकिना, व्होंद्रुशोवा, क्रेचिकोवा, श्वियातेक. यांत अग्रमानांकित एकटी ॲश बार्टी. क्रेचिकोवाला ३१वं मानांकन होतं आणि व्होंद्रुशोवा बिगरमानांकित होती. बिगरमानांकित महिलेने विम्बल्डन जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्यातही उपांत्यपूर्व सामन्यात पेगुलाविरुद्ध ती निर्णायक सेटमध्ये १-४ अशी मागे होती.

तीन सेटचा सामना असल्याने धक्का द्यायला एक चांगला तास पुरतो, हे उघड कारण. म्हणून इथे चार-पाच नावांची टोळी निवडावी. आर्यना सबालेंका २०२१, २०२३ आणि २०२५ अशी तीन वेळा उपांत्य फेरीत थांबली आहे. तिला यादीतून वगळणारा धाडसी म्हणायचा. एलेना रिबाकिनाची सर्व्हिस हिरवळीसाठीच घडवल्यासारखी आहे. गॉफबद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. १५व्या वर्षी व्हीनसला हरवून तिने नाव केलं ते इथेच, पण तिचा फोरहँड खाली राहणाऱ्या चेंडूवर डगमगतो आणि २०२५ पर्यंत ती चौथ्या फेरीपुढे गेलेली नाही.

अल्काराझ की सिनर?

आता मुद्द्यावर आलात. २०२५ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात सिनरच्या हातातोंडाशी आलेला घास गेला: तीन विजेतेपदाचे गुण वाया, ५ तास २९ मिनिटं, आणि पराभव. पाच आठवड्यांनी लंडनला पहिला सेट गमावूनही त्याने ४-६, ६-४, ६-४, ६-४ असा हिशेब चुकता केला. हिरवळीवर त्याने अल्काराझला २०२२ च्या चौथ्या फेरीतही हरवलं होतं.

तरी सिनरच्या त्या विजेतेपदात नशिबाचा वाटा होता, हे त्याच्या चाहत्यांनी कबूल करावं. चौथ्या फेरीत तो ग्रिगोर दिमित्रोवविरुद्ध दोन सेट मागे होता, कोपरही दुखावलेलं, आणि तिसऱ्या सेटमध्ये २-२ असताना दिमित्रोवच्या छातीचा स्नायू गेला. दिमित्रोव त्या दिवशी स्लाइसवर स्लाइस टाकत होता आणि सिनरला चेंडू उचलणं जड जात होतं. सिनरला हरवायचं कसं, याचा तो उत्तम धडा आहे, पण तसा स्लाइस असलेले खेळाडू उरलेत किती?

आमचा कौल असा: पहिल्या आठवड्यात धोका अल्काराझला जास्त, कारण तो मध्येच भरकटतो. दुसऱ्या आठवड्यात, दोघेही शाबूत असतील तर, ड्रॉप शॉट आणि नेटवरच्या हातामुळे पारडं किंचित त्याचं. किंचितच.

जोकोविचला आता विसरावं का?

वयाच्या ३८व्या वर्षी, २०२५ मध्ये, तो उपांत्य फेरीत होता. त्याआधीच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया करून काही आठवड्यांत अंतिम सामना खेळला. सात विजेतेपदं आहेत, फेडररच्या आठांपासून एक कमी. खुल्या युगातला (१९६८ पासूनचा) सर्वांत वयस्क पुरुष विजेता फेडरर आहे, २०१७ मध्ये, ३५व्या वर्षी. जोकोविच कुणालाही एक सामना हरवू शकतो यात शंका नाही. प्रश्न आहे लागोपाठ दोन सामन्यांचा: उपांत्य फेरीत एक तरुण आणि अंतिम फेरीत दुसरा, तेही पाच-पाच सेटचे. आमचं मन हो म्हणतं, गणित नाही म्हणतं.

मानांकन आणि क्रमवारी यांत विम्बल्डन फरक करायचं ना?

पुरुष एकेरीत करायचं. २००२ ते २०१९ या काळात क्रमवारीच्या गुणांत ग्रास कोर्टावरचे गुण वेगळे मिळवून मानांकन ठरायचं. म्हणून २०१८ मध्ये २१व्या क्रमांकावरच्या जोकोविचला १२वं मानांकन मिळालं, आणि तो जिंकलाही. २०१९ मध्ये क्रमवारीत दुसरा असूनही नदालला तिसरं मानांकन मिळालं आणि त्याने उघड नाराजी दाखवली. २०२१ पासून सूत्र बंद झालं, आता क्रमवारी हेच मानांकन. आम्हाला जुनी पद्धत जास्त न्याय्य वाटते. पाच आठवड्यांच्या हंगामातल्या तज्ज्ञाला थोडं झुकतं माप मिळालं तर बिघडलं काय?

ड्रॉ कसा वाचायचा?

ड्रॉ म्हणजे कोण कुणाशी भिडणार याचा तक्ता. त्यात नाव शोधून थांबू नका, त्याचा पाव हिस्सा बघा. १२८ खेळाडू, ३२ मानांकित, त्यामुळे दोन मानांकित तिसऱ्या फेरीआधी भेटत नाहीत. पहिला आणि दुसरा थेट अंतिम फेरीत. धोका असतो तो बिगरमानांकित पण हिरवळीवर धारदार खेळाडूंचा: दुखापतीतून परतलेले जुने मानांकित, पात्रता फेरीतून सलग तीन सामने जिंकून आलेले, वाइल्ड कार्डवाले (आयोजकांनी थेट प्रवेश दिलेले). २००१ चा विजेता गोरान इव्हानिसेविच १२५व्या क्रमांकावर होता आणि वाइल्ड कार्डवर खेळत होता.

आपल्याकडचं कुणी?

एकेरीत सध्या आशा धरण्यासारखं काही नाही, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचले आणि अनुक्रमे नील फ्रेझर व रॉड लेव्हरकडून हरले. ते दोघेही त्या त्या वर्षीचे विजेते. विजय अमृतराज १९८१ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत जिमी कॉनर्सविरुद्ध दोन सेट पुढे असून हरले. रमेश कृष्णन १९८६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत. पुण्याचा नितीन कीर्तने १९९२ मध्ये महेश भूपतीबरोबर मुलांच्या दुहेरीचा अंतिम सामना खेळला. दुहेरीत मात्र विजेतेपदं आहेत: पेस-भूपती १९९९ आणि मार्टिना हिंगिसबरोबर सानिया मिर्झा २०१५.

भारताला हिरवळ धार्जिणी, हा समज डेव्हिस कप या देशांच्या सांघिक स्पर्धेमुळे टिकला. २०१९ मध्ये इटलीला अडचणीत आणायला आपण कोलकात्याच्या साउथ क्लबचं गवत निवडलं आणि १-३ हरलो. त्या इटलीच्या संघात मातेओ बेरेत्तिनी होता. दोन वर्षांनी तोच विम्बल्डनचा अंतिम सामना खेळला! आपली मुलं आता हार्ड कोर्टावर नाहीतर मातीवर वाढतात. बालेवाडीलाही हार्ड कोर्टच.

वादात कोणते आकडे फेकू नयेत?

एकूण जिंकलेले गुण. २०१९ च्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. बिनतोड सर्व्हिस २५ विरुद्ध १०. ब्रेक ७ विरुद्ध ३. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची. तिन्ही टायब्रेकर जोकोविचचे, करंडकही जोकोविचचा. फेडररचे चाहते अजून हे आकडे पाठ म्हणतात. म्हणू द्या.

आपल्या वेळेनुसार सामने कधी?

बाहेरच्या कोर्टांवर दुपारी साडेतीनला, कोर्ट क्रमांक एकवर साडेपाचला, सेंटर कोर्टवर संध्याकाळी सहाला. छपराखाली खेळ लांबला तरी तिथल्या रात्री अकराला, म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनला तो थांबवावाच लागतो. २०२५ पासून एकेरीचे अंतिम सामने तिथल्या दुपारी चारला, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. २०१९ सारखा ४ तास ५७ मिनिटांचा सामना झाला तर करंडक उचलेपर्यंत दीड वाजून जाईल, आणि पुरुषांची अंतिम लढत रविवारी असते. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.